काकडीचा पांढरा रस्सा

"बाळंतशोपा? कुणाला?"

तवनाप्पांनी तराजूतला गूळ तसाच ठेवला आणि चष्म्यावरून आधी माझ्याकडे, मग माझ्या बायकोकडे बघितलं.

"लोणच्याला," मी म्हणालो.

"बाळंतशोपा? लोणच्याला?"

तवनाप्पांचं घराणं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या किराणा विकत आलेलं. त्यांना असलं उत्तर पटण्यासारखं नव्हतं. तरी त्यांनी पुडी बांधली, आणि बांधता बांधता असे काही गोड हसले की मला वाटलं, काय भला माणूस आहे.

मी खरं तेच बोललो होतो. माझी बायको दोरोता पोलंडची. तिच्याकडे काकड्या मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि त्यात शेपूचं बी घालतात. शेपूचं बी म्हणजे आपल्याकडचा बाळंतशोपा, जो बाळंतिणीखेरीज सहसा कुणाच्या वाट्याला जात नाही. आता हे सगळं तवनाप्पांना गिऱ्हाइकांच्या गर्दीत कोण समजावणार?

दोरोतानं पुडी सोडून चिमूटभर बी तळहातावर चोळलं, वास घेतला, डोळे मिटले आणि पुडी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली. कोल्हापुरात आल्यापासून तिला पहिल्यांदाच कुणीतरी ओळखीचं भेटलं होतं. त्या आनंदात तिनं पोत्यातल्या चिंचेचं एक बुटूक उचलून तोंडात टाकलं, मिटक्या मारल्या आणि दुसरं उचललं.

आमच्या मागे बनुआत्ती उभी होती.

बनुआत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची थोरली बहीण. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. कुणाच्या घरात काय शिजतंय हे तिला फोडणी बसायच्या आधी कळायचं. तिनं पुडी बघितली, चिंच बघितली, दोरोताचं पोट बघितलं आणि तेल न घेताच चालू लागली. आत्ती काही न बोलता गेली, तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा पोलंडमध्ये व्रोत्सवाफ नावाच्या शहरात, यंत्रांचे सुटे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात होतो. दोरोता तिथंच तपासणी विभागात. तिनं माझं काम एकदा नापास केलं, दोनदा नापास केलं, तिसऱ्या वेळी मी तिला कॉफी पाजली. लग्न तिथल्या कचेरीत झालं आणि आईला ते फोनवर कळलं.

आईनं फोनवर आदळआपट केली नाही. तिनं थेट बनुआत्तीच्या नातवाच्या बारशात, सगळ्या भावकीसमोर सांगून टाकलं, "केलंय लगीन, करू दे. पर त्या बाईच्या हातचा पाण्याचा घोट बी मी घेणार न्हाई." आई एकदा बोलली की बोलली. शिवाय ते बनुआत्तीनं ऐकलं होतं, म्हणजे सरकारी कागदावर चढल्यासारखंच झालं.

लग्नानंतर वर्षभरानं आम्ही सुट्टीवर आलो, ते दिवस उन्हाळ्याचे. आईनं दोरोताला ओवाळलं, तिला बघून कौतुकानं "दुधागत हाय" असंही म्हणाली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर तिच्यासाठी एक खुर्ची मांडली. तीन वेळा भरपेट जेवायला घालायची, पण आत पाऊल टाकू द्यायची नाही. दोरोता भांडं उचलायला गेली की म्हणायची, "पाहुण्यांला कुणी कामाला लावतंय व्हय? बसा." तेही तिच्याकडे न बघता, माझ्याकडे बघून.

एका दुपारी त्या खुर्चीत बसून दोरोता मला म्हणाली, "तुझ्या आईनं एकदा, फक्त एकदा, माझ्या हातचं खावं. मग खुशाल जाऊ आपण परत."

"काय करशील?"

"ओगुरकोवा."

ओगुरकोवा म्हणजे आंबवलेल्या काकडीचं सूप. तिच्या घरी आजारपणात तेच, पाहुणे आले की तेच, भांडण मिटलं तरी तेच. मी तोंडावर "वा" म्हणालो आणि मनात म्हणालो, आता काही खरं नाही. मटणाच्या पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या बाईला ही काकडीचं गरम पाणी पाजणार होती.

तवनाप्पांच्या दुकानातून परत आल्यावर दोरोतानं घरामागच्या परड्यात बैठक मारली. बोटभर लांबीच्या कोवळ्या काकड्या, लसूण, बाळंतशोपा, पेरूची दोन पानं. सगळं काचेच्या बरणीत भरलं आणि वरून मिठाचं पाणी ओतायला घेतलं. तेवढ्यात आई धुणं वाळत घालायला बाहेर आली. तिच्या हातातलं लुगडं बादलीत पडलं.

"लोणच्यात पाणी?" आई मला म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात, आईही त्यातलीच. "एक थेंब पडला तर वर्साचं लोणचं जातंय म्हणून मी वला हात बरणीजवळ नेत न्हाई, आन्‌ ही तांब्यानं वततीया? सांग तिला!"

मी सांगायच्या आतच दोरोतानं मान वर केली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, पाणी पाहिजे."

"मग घाला बाई. तुमची बरणी, तुमचं पाणी," असं म्हणून आई लुगडं पुन्हा खळबळायला गेली.

संध्याकाळी बनुआत्ती आली. आई आणि ती स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं गेलं. आतून कुजबूज ऐकू आली, मग एक वाटी पडल्याचा आवाज, मग काहीच नाही. दार उघडलं तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती आणि तिचा असा चेहरा मी यापूर्वी फक्त माझ्या दहावीच्या निकालाला बघितला होता. तिनं दोरोताकडे टक लावून बघितलं, ती खुर्ची उचलली, स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि म्हणाली, "आत ये गं बाळा. हितं वारं लागतंय."

दोरोता माझ्याकडे बघत, भीत भीत आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे आंबटाचा पूर आला. समोरच्या काकूंनी कैऱ्या पाठवल्या, वरच्या आळीतून रायआवळे आले, कुणी कवठ आणलं, कुणी पिकली करवंदं. दोरोता हरखून गेली. "तुमचे लोक किती समजूतदार!" ती मला म्हणाली. "मला आंबट आवडतं हे कुणी सांगितलं यांना?" मलाही कळेना. शेवटी आबांनी ते कोडं सोडवलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आबा वर्तमानपत्राची घडी फक्त निवडणुकीच्या निकालाला आणि कुणाच्या मरणाला घालायचे, म्हणून मी घाबरून उभा राहिलो. त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला.

"इंदर, जिंकलास लेका."

"काय जिंकलो?"

"आता बापापासनं काय लपवतोस? आंबट खातीया, बाळंतशोपा आणलाय. तुझ्या आईनं काल देवाम्होरं साखर ठेवली."

मला घाम फुटला. नवी नवरी आंबट मागते म्हणजे तिला डोहाळे लागलेत, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आणि मी शहाणा बायकोला दुकानात उभी करून चिंचा खाऊ घालत होतो.

मी तसाच आईकडे गेलो. ती खोबरं खवत होती.

"आई, एक सांगायचंय. दोरोताला—"

"बोलू नगंस. तीन म्हैनं हुईस्तर असलं बोलत न्हाईत. नजर लागती."

"अगं, पण तसं काही—"

"म्हटलं न्हवं, बोलू नगंस! जा, दळण घिऊन ये."

मी दळण घेऊन आलो. दोन दिवसांनी पुन्हा तोंड उघडलं तर तिनं नारळ आणायला पाठवलं. त्यानंतर एकदा मी नुसता खाकरलो, तर माझ्या हातात गॅसची टाकी आली.

मग दोरोताला सांगणं भाग होतं. ती आधी खो खो हसली. हसता हसता एकदम थांबली.

"म्हणजे ती मला आत बोलावत नाहीये," ती म्हणाली. "माझ्या पोटाला बोलावतेय."

मला फार वाईट वाटलं. या पाच-सहा दिवसांत आईनं तिच्या केसांना तेल लावलं होतं, तिला भाकरी थापायला शिकवली होती, तिच्या वाकड्यातिकड्या भाकरीला कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा म्हणून हसली होती. ते सगळं एका नसलेल्या बाळाच्या नावावर जमा होत होतं.

"रविवारी मी ओगुरकोवा करणार," दोरोता म्हणाली, "आणि वाढायच्या आधी खरं सांगणार."

"आधी खाऊ दे तिला. मग सांग."

"नाही. खोट्यावर खाल्लं तर ते माझ्या हातचं खाल्लं असं होत नाही."

बायको तपासणी विभागातली. वाकडा भाग तिनं आयुष्यात पुढे जाऊ दिलेला नाही.

रविवार उजाडेपर्यंत बरणीनं आपला रंग दाखवला. पाणी गढूळ झालं, वर फेस आला, झाकण उघडलं की फुस्स व्हायचं. बनुआत्ती नाकाला पदर लावून म्हणाली, "नासलं की वैनी, गटारात वता." आईनं बरणी उचलून फडताळात ठेवली आणि म्हणाली, "असू दे वन्सं. तिचं लोणचं हाय, तिला ठावं." मधल्या काही दिवसांत दोरोताच्या बोटाला विळी लागली होती, चिंधी बांधली होती. त्यामुळे वर येणाऱ्या काकड्या पाण्याखाली दाबायचं काम आईच करत होती. लोणच्याच्या पाण्यात मनगटापर्यंत हात घालणारी माझी आई बघून आबा दोनदा पुन्हा येऊन बघून गेले.

आणि त्याच रविवारी बनुआत्तीनं चोरओटी ठरवली. चोरओटी म्हणजे दिवस गेल्याचं जाहीर व्हायच्या आधी, घरातल्या घरात, गुपचूप भरायची ओटी. पण बनुआत्तीनं ती प्रत्येकीला स्वतंत्रपणे, कानात सांगितली असल्यामुळे सगळी गल्ली आली.

"ओटीच्या दिशी मटण?" पातेलं बघून आत्ती म्हणाली.

"डोहाळं हाईत," आई म्हणाली. "डोहाळ्याला वार नस्तोय."

आईनं अळणी, म्हणजे तिखट न घातलेलं मटणाचं पाणी, सकाळीच काढून ठेवलं होतं. दोरोतानं त्यात बटाटे आणि गाजरं सोडली. दुसरीकडे लोण्यावर किसलेल्या काकड्या परतायला घेतल्या. घरभर जो वास सुटला त्याला आमच्याकडे नाव नाही. ती काकड्या घेऊन पातेल्याकडे वळली आणि बटाट्यात सुरी खुपसून बघू लागली. उंबऱ्यात गहू निवडत बसलेली आई न राहवून ओरडली, "आंबट मागनं! बटाटा शिजू दे आदी, न्हाईतर दगूड हुतोय!"

दोरोता थांबली. तिनं मला विचारलं, आई काय म्हणाली? मी सांगितलं. ती आईकडे वळून म्हणाली, "माझी आई पण. हेच. ओरडते."

आई हसली. पुढे काय होणार हे मला माहीत होतं, म्हणून मी उगाच वाडगे पुसायला घेतले.

बटाटे शिजले, काकड्या पडल्या, बरणीतलं गढूळ पाणी पडलं, साय फेटून पडली, वर हिरवागार शेपू. पातेलं झाकून दोरोता माजघरात येऊन पाटावर बसली. बायकांनी हळदकुंकू लावलं. आईनं सुपात खण, गहू, पाच फळं घेतली आणि ती पुढे झाली.

दोरोता उठून उभी राहिली. रात्रीपासून घोकलेलं वाक्य तिनं एका दमात म्हटलं.

"आई, माझ्या पोटात बाळ नाही. फक्त भूक होती."

बनुआत्तीच्या हातातली सुपारी घरंगळत दारापर्यंत गेली. कुणीतरी "अगं बया" म्हणालं. आई ओटीचं सूप हातात घेऊन तशीच उभी होती. तिनं दोरोताकडे बघितलं, मग साऱ्या बायकांकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

"बघितलासा?" आई म्हणाली. "लाजती कशी! पहिलटकरीन असंच म्हणती. मी इंदरच्या येळंला सासूला पोटात वायगोळा हाय म्हणून सांगितलं हुतं. बस गं."

"आई, नाही, खरंच—"

"बस म्हटलं न्हवं!"

दोरोता बसली. तिच्या पदरात गहू पडले, खण पडला, पाच फळं पडली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी नजर आढ्याकडे लावली.

"आता आण ते डोहाळ्याचं," आईनं मला फर्मावलं. मी वाडगे भरून आणले. बायकांनी ते हातात धरले, पण एकीनंही तोंडाला लावला नाही. सगळ्यांचे डोळे आईवर होते. भावकीसमोर टाकलेला तो शब्द तिथं प्रत्येकीला पाठ होता.

आईनं वाडगा उचलला आणि एक घोट घेतला. तिचा डावा डोळा आपोआप मिटला, हनुवटी थरथरली, आणि मग हळूहळू चेहरा जागेवर आला.

"मीठ बरूबर हाय," आई म्हणाली. आईच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी आबांनाही कधी मिळालेली नव्हती. तिनं दुसरा घोट घेतला.

"वैनी, तुमचा शबूद?" बनुआत्तीनं विचारलंच.

"मी कुठं मोडला?" आई म्हणाली. "पोटातल्या जिवानं मागितलं, त्याला न्हाई म्हणून पाप कोण घील? तुम्ही घेता काय वन्सं?"

आत्तीनं घाईघाईनं वाडगा तोंडाला लावला.

आबांनी तीन वाडगे घेतले, वर "काकडीचा पांढरा रस्सा" असं त्याचं बारसंही करून टाकलं. बायका गेल्या. स्वयंपाकघरात आई, दोरोता आणि मी तिघंच उरलो. आई पातेल्याच्या तळाशी राहिलेलं वाडग्यात काढून घेत होती.

"आई," मी म्हणालो, "दोरोता खरं बोलत होती."

"ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"पोटात काय न्हाई त्ये."

"कधीपासून?"

"तिचं बोट कापल्यापासनं." आईनं वाडगा खाली ठेवला. "एक-दोन दिस मी बी खुळी झालतो, खोटं कशाला सांगू? मग ही चिंधी बांधून आली, म्हणाली, बरणीत हात घालत न्हाई. पहिल्या दिशी चिंधी मधल्या बोटाला. दुसऱ्या दिशी बघतो तर करंगळीला. कापल्यालं बोट असं हिंडतंय व्हय रे?"

मला काही उलगडेना. मी दोरोताला विचारलं, तर ती कानापर्यंत लाल झाली. आल्या आल्याच बनुआत्तीनं तिला हातवारे करून बजावलं होतं, की पाळीच्या दिवसांत बाईनं लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही. दोरोताचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण कुणाला सांगायची लाज, म्हणून चिंधी.

"विश्वास नाही, मग पाळलंस कशाला?" मी विचारलं.

"बरणी माझी होती," ती म्हणाली, "पण घर आईचं."

मी ते आईला मराठीत सांगितलं. आई पदरानं डोळे पुसून खट्याळ हसली.

"मी नवी सून हुतो तवा कुणी बघत नसलं की खुशाल हात लावायचो. लोणचं कवा नासलं न्हाई. आन्‌ ही परमुलखातली पोरगी माझ्या माघारी माझा नेम पाळतीया. हिच्या हातचं खायाला मला नातवाची वाट बघायची हुती व्हय?"

"मग मला सांगायचंस ना! आठवडाभर दळणं आणि नारळ आणायला पळवलंस!"

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. भरल्या भावकीत शबूद टाकलाय मी. त्यो गिळाय कायतर निमित्त नगं? वन्संनी आयतं आणून दिलं."

मी हे सगळं दोरोताला सांगितलं. ती ऐकता ऐकता रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. आईनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडात वाडग्यातला शेवटचा बटाटा घातला.

"पण आता पुढे काय?" मी म्हणालो. "आत्ती महिने मोजत बसेल."

"मोजू दे की. फुडचं तुमचं तुम्ही बघा," आई म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

पुढचं आम्ही बघितलं, पण आमच्या सवडीनं. आमची मुलगी त्यानंतर दीड वर्षानं व्रोत्सवाफला झाली, आणि बारसं करायला आम्ही तिला घेऊन कोल्हापूरला आलो. भरल्या मांडवात बनुआत्ती पाळण्याशेजारी बसून बोटांवर महिने मोजत होती. दोन्ही हातांची बोटं संपली, तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, ती संपत आली तरी त्यात मुलगी काही बसेना.

"वैनी," शेवटी आत्ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिचा हिशेब लागंना झालाय."

आईनं नातीच्या गालाला तीट लावली.

"थंड मुलूख हाय वन्सं," ती म्हणाली. "तिकडं समदंच उशिरा पिकतंय."